घरच्या द्राक्षवेलीला घड का लागत नाहीत? (सांगली-साताऱ्याचे आणि बाहेरगावचेही अनुभव सांगा)

गच्चीवरची_वेल (सांगली), ९ मार्च

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. आम्ही विश्रामबागेत राहतो. जिन्याच्या बाजूला जमिनीत लावून गच्चीवर चढवलेली थॉम्पसनची (बिनबियांच्या हिरव्या द्राक्षाची) वेल आहे, तिसरं वर्ष संपलं. तासगावकडच्या पाहुण्यांच्या बागेतली छाटणीची काडी आणून लावलेली, म्हणजे कलम नाही, स्वतःच्या मुळावरच आहे. वेल जोमात आहे, पानं पंजाएवढी, अख्खा पाइपचा मांडव भरलाय पण घड शून्य. मागच्या नोव्हेंबरात दोन टीचभर घड दिसले आणि त्यांचीही बाळी झाली (म्हणजे घड न होता नुसता गुंडाळणारा तंतू झाला).

आत्या (माझ्या सासूबाई) रोज तांदूळ धुतलेलं पाणी आणि ताक घालतात, मी महिन्याला मूठभर युरिया टाकते. छाटणी म्हणाल तर वाळकं आणि शेजारच्यांच्या बाजूला गेलेलं तेवढंच कापते, हिरवी वेल कापायला हात होत नाही.

आधी आम्ही गावभागात राहायचो. तिथली वेल मामांनी (सासरे) लावलेली, तिला बऱ्यापैकी घड यायचे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या अंगणातही कितीतरी दिवस पाणी होतं. पाणी उतरल्यावर वेल वरून हिरवी दिसली म्हणून आम्ही खूश झालो की वाचली, पण पंधरा दिवसांत पानांनी माना टाकल्या. उपटून बघितली तर मुळांची साल बोटाला काळी लागून नुसती मोज्यासारखी निघून येत होती. मामा आता नाहीत. म्हणून ही वेल एकदा तरी फळावर यावी असं फार वाटतं. फोटो टाकलेत, बघून सांगा.

तासगावचा_बागायतदार, ९ मार्च

ताई, फोटो बघितले. वेल निरोगी हाय पण माजलीय.

द्राक्ष थंड मुलखात हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि ऊन वाढलं की उठतं. आपल्याकडं तेवढी थंडी पडत न्हाई, वेल बारा महिने हिरवी, मग तिला झोपवायचं आणि उठवायचं काम कात्रीनं करायला लागतं. म्हणून आपल्याकडं वर्षातनं दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, आणि पीक एकच.

आता खरी गोष्ट. ऑक्टोबरात बाहेर येणारा घड ऑक्टोबरात तयार होत न्हाई. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यात (पानाच्या बगलेतल्या कोंबात) साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान तो तयार होतो, आम्ही त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. डोळ्यानं दिसत न्हाई, बागायतदार काड्या लॅबला देऊन डोळे तपासून घेतात. त्या दिवसांत काडीवर ऊन पाहिजे, पाणी थोडं ताणलेलं पाहिजे आणि नत्र कमी पाहिजे. तुमच्याकडं काय चाललंय बघा, मांडव गच्च म्हणजे आत ऊन न्हाई, रोज पाणी, वर युरिया. वेलीला वाटतंय नुसती पानंच वाढवायची हायत.

त्यात थॉम्पसन. ह्या जातीत काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांत घड सहसा नसतोच, पुढच्या डोळ्यांत असतो. त्यामुळं कुठंही कापलं तर पानंच फुटणार.

गच्चीवरची_वेल, १० मार्च

दादा, हे कुणीच आजवर असं सांगितलं नव्हतं. म्हणजे मागच्या वर्षीच्या मे महिन्यातच ह्या वर्षीचं पीक गेलेलं! आता किती कापू ते सांगा, मला खरंच भीती वाटते.

तासगावचा_बागायतदार, १० मार्च

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कापा. एक सरळ खोड ठेवायचं, मांडवाखाली त्याला दोन बाजूला दोन ओलांडे (आडव्या कायमच्या फांद्या), बाकीचं जंगल सगळं काढायचं. ओलांड्यावरच्या प्रत्येक काडीचा बुडाकडचा एक नायतर दोन डोळे ठेवायचे आणि कापायची. वेल अगदी बोडकी दिसणार, ती तशीच दिसली पाहिजे. त्याआधी बुडाशी दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी भरपूर द्या, हे पाणी सुरुवातीला लागतंच.

फुटी आल्या की विरळणी. ओलांड्याच्या एका फुटात चार-पाच काड्या बास, घरच्या वेलीला त्याच्यापेक्षा कमी असल्या तर आणखी बरं. फुटीला सात-आठ पानं झाली की सातव्या पानावर शेंडा मारायचा. वरच्या डोळ्यातनं बगलफूट निघंल, तिला पाच पानं झाली की परत शेंडा. ही सबकेन. जिथं पहिला शेंडा मारला तिथं गाठ तयार होते, ती गाठ लक्षात ठेवा, ऑक्टोबरात तिथंच काम हाय.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा), ११ मार्च

वाचतोय. मी शाहूपुरीत, माझ्याकडं पण वेल आहे आणि मी सगळं सांगलीच्या मेहुण्याच्या तारखांनी करतो, १० एप्रिलला खरड, ऑक्टोबर सुरू झाला की फळछाटणी. पहिल्या वर्षी घडच कमी निघाले आणि दुसऱ्या वर्षी जे निघाले ते दावण्यानं खाल्ले, पानाखाली पांढरी बुरशी आणि चार दिवसांत बारका घड तपकिरी होऊन गळून गेला. मेहुण्याची वेल लगडलेली असते. मग फरक कशाचा?

तासगावचा_बागायतदार, ११ मार्च

भाऊ, फरक ढगाचा. तारीख कॅलेंडरवर बघू नका, तुमच्या गावच्या पावसापासनं मागं मोजा. घड तयार व्हायचे ४० ते ६० दिवस उन्हात निघाले पाहिजेत. १० एप्रिलला कापलं तर साठावा दिवस ९ जूनला येतो, तवर साताऱ्यात ढग आलेले असतात. तुम्ही मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरड घ्या, म्हणजे मे संपायच्या आत काम झालेलं असंल. आणि फळछाटणी उलटी, पुढं ढकला. परतीचा पाऊस गेला अशी खात्री पटल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. कवळी फूट आणि पाऊस एकत्र आले की दावण्या आलाच, फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतो.

म्हणजे तुमच्याकडं ह्याच आठवड्यात कात्रीला धार लावा.

पाचगणीचा_वारा, १२ मार्च

आमच्याकडं लावली तर येईल का? हौस म्हणून विचारतोय, काचेचा व्हरांडा आहे.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी, १२ मार्च

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीला त्याहून कमी पण चार महिने धुकं आणि ओल आहेच. वेल जगेल, पण करपा आणि दावण्याशी भांडण्यातच वर्ष जाईल. तुम्हाला देवानं स्ट्रॉबेरीचं हवामान दिलंय ते घ्या.

कराडकर_नोएडा, १४ मार्च

इथे एक धोक्याची सूचना लिहितोच, कारण मी हात पोळून घेतलाय. मी मूळचा कराडचा, आता नोएडात तळमजल्यावर छोटं अंगण आहे. गावाकडच्या सवयीनं दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये वेल खरडून टाकली. कापलेल्या फांद्या गोळा करताना बघतो तर प्रत्येकीवर ज्वारीच्या दाण्याएवढे मणी धरलेले घड! अख्खं पीक मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकलं, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

उत्तरेत हिवाळा कडक, डिसेंबरात वेल आपोआप पानं गाळून काठीसारखी होते. म्हणून इकडे छाटणी एकदाच, जानेवारीत, वेल झोपेत असताना. मार्चमध्ये फुटते, फळ जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तयार. पंजाब-दिल्लीकडे पर्लेट लावतात ती ह्यासाठीच, लवकर तयार होते आणि पावसाच्या आधी खाऊन होते. आपली थॉम्पसन इथं उशिरा पिकते आणि पावसात सापडून मणी तडकतात. तेव्हा गावचा सल्ला गावाच्या हवेपुरता, बाहेर राहणाऱ्यांनी आधी आपली वेल थंडीत पानं गाळते का ते बघा.

मिरजेची_लेक_बंगळूर, १४ मार्च

बंगळूरला तर तिसरीच तऱ्हा. इथं घरोघर जी काळी द्राक्षं लावतात ती बंगळूर ब्लू, बिया असतात, साल जाड आणि वास एकदम उग्र गोड. तिला इथं वर्षातून दोन पिकं घेतात, प्रत्येक छाटणी फळाचीच. हिच्या बुडाकडच्या डोळ्यांतही घड असतो त्यामुळे दोन-तीन डोळ्यांवर आखूड कापली तरी चालतं. करप्यालाही बरीच सोशीक. नवख्या माणसानं हीच लावावी असं माझं स्पष्ट मत. मिरजेला आईकडेही मी हीच लावून दिली आणि दुसऱ्याच वर्षी फळ आलं.

कृष्णाकाठ_पलूस, १५ मार्च

मत मान्य नाही ताई. सांगली जिल्ह्यात राहून बियाची द्राक्षं का खायची? तास-ए-गणेश आपल्याच बोरगावची निवड, सोनाका आणि काळी शरद शेजारच्या सोलापुरातल्या नान्नजच्या, सगळ्या आपल्या हवेत निवडलेल्या जाती. सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे ते ह्याच बिनबियांच्या जिवावर. थोडं शिकायला लागतं एवढंच.

मिरजेची_लेक_बंगळूर, १५ मार्च

दादा, तुमचं शेत आहे, रोज बागेत पाय असतो. गच्चीवाल्या माणसाला आठवड्यातून एक रविवार मिळतो. पहिलं फळ हातात आलं की मग माणूस शिकायला तयार होतो, आधी नाही.

माणदेशी (दहिवडी), १७ मार्च

आमच्याकडं पाऊस म्हणजे नावाला, ऊन वर्षभर, म्हणजे द्राक्षाला हवा एकदम योग्य म्हणतात. तरी माझ्या वेलीला चार वर्षांत एक मणी नाही. छाटण्या दोन्ही वेळेवर करतो. रोप एका नर्सरीतनं कलमी सोनाका म्हणून आणलेलं. पानाचा आणि बुडाचा फोटो टाकतोय.

तासगावचा_बागायतदार, १७ मार्च

माणदेशी भाऊ, ही सोनाका न्हाईच. पान बघा, बारकं, चकचकीत, कडंला दातेरी, आणि खाचा जवळजवळ न्हाईत. सोनाकाच्या पानाला खोल खाचा असतात. तुम्ही चार वर्षं डॉगरिज वाढवलाय. डॉगरिज म्हणजे जंगली खुंट, क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून त्याच्या मुळावर आपण चांगल्या जातीचं कलम बांधतो. वरचं कलम कधीतरी वाळलं आणि खालनं खुंटाची फूट आली, तीच वेल झाली. दुसऱ्या फोटोत बुडापासनं एक वीतभर वर वाळका ठोंब दिसतोय, तेच तुमचं मूळ कलम.

उपटू नका. मुळं चार वर्षांची तयार हायत, ते सोनं हाय. बुडातनं एक जोमदार फूट सरळ वाढवा आणि सप्टेंबरच्या आसपास जाणत्या माणसाकडनं तिच्यावर पाचर कलम बांधून घ्या. आणि सगळ्यांनाच सांगतो, कलमी वेल असंल तर जोडाच्या खालनं आलेली फूट दिसली त्या दिवशी काढायची.

माणदेशी, १७ मार्च

चार वर्षं ज्याला पाणी घातलं ते हे. पण मुळं कामाची आहेत हे ऐकून जिवात जीव आला. आमच्या आजोबांनी दुष्काळात डोक्यावरनं पाणी आणून झाडं जगवलीत, मी ही सोडणार नाही.

चिपळूणची_सून, २ एप्रिल

माझं माहेर विटा. कोकणात वेल लावली तर पानं जूनमध्येच काळी पडतात. पारदर्शक प्लास्टिकच्या छपराखाली घेऊन बघितली तेव्हा जरा टिकली. माहेरी हल्ली काही बागांवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात ते बघूनच सुचलं. मुख्य म्हणजे पान भिजता कामा नये.

गच्चीवरची_वेल, ६ एप्रिल

कापली. काल सकाळी साडेसहाला सुरू केलं, नऊला संपलं. आत्या खाली जाऊन बसल्या, त्यांना बघवेना. कापल्यावर प्रत्येक टोकातून स्वच्छ पाणी थेंब थेंब गळायला लागलं, खाली फरशीवर ओळीनं ओले ठिपके. मी घाबरून मेण शोधायला धावले. हे बरोबर आहे ना?

तासगावचा_बागायतदार, ६ एप्रिल

बरोबर हाय. मुळं पाणी वर चढवतायत आणि वर पान न्हाई म्हणून गळतंय, दोन-चार दिवसांत थांबतं. मेण-बिण लावू नका. आत्यांना सांगा दहा-बारा दिवसांनी वर येऊन बघा.

गच्चीवरची_वेल, २० एप्रिल

आत्यांनाच पहिल्यांदा दिसलं. डोळ्यांवरची तपकिरी लव फाटून आतून गुलाबीसर कोंब. त्यांनी स्वतः मला हाक मारून दाखवलं. ताक बंद केलंय, त्यांनी ऐकलं.

गच्चीवरची_वेल, २५ जून

सात पानांवर शेंडा, मग बगलफुटीला पाच पानांवर शेंडा, दोन्ही झालं. मे महिन्यात पाणी दोन दिवसांआड केलं. आता पाऊस सुरू झालाय आणि पानांवर तेलकट पिवळे डाग दिसतायत. विषारी औषध घरात आणायचं नाहीये, आत्यांची नातवंडं खेळतात वर. कुणी आंबट ताक फवारा म्हणतंय.

कृष्णाकाठ_पलूस, २५ जून

ताकानं भुरी (पानावर पांढरी पावडर येते ती) थोडी आवरते असा काहींचा अनुभव आहे पण तुमचा दावण्या आहे, त्याला बोर्डो. घरच्या मापानं सांगतो. १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, लोखंडी किंवा पितळी अजिबात नको. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओता, आभाळी निळा रंग येतो. मग स्वच्छ खिळा त्यात बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालाय, चुन्याची निवळी थोडी घाला आणि परत बघा, खिळा कोरा निघेपर्यंत. गाळून त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर दुसऱ्या दिवशी नाही. पानाच्या खालून फवारा, बुरशी खालीच असते. हे पण औषधच आहे, तोंडाला फडकं, हातात मोजे आणि त्या दिवशी पोरांना गच्ची बंद. पावसाळ्यात काडीसाठी हे चालतं, पण फळाच्या वेळी कवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात हे मारू नका.

गच्चीवरची_वेल, ३० जून

खिळा दुसऱ्या वेळी कोरा निघाला. फवारलं.

तासगावचा_बागायतदार, ३ ऑक्टोबर

ताई, आता तयारीला लागा. काडी बघा, हिरवी जाऊन बदामी-तपकिरी झाली असंल, वाकवल्यावर कडक लागली पाहिजे. छाटणीआधी आठ-दहा दिवस पानं हातानं काढून टाका, खालनं वर ओढू नका, डोळा दुखावतो. मग सबकेनच्या गाठीच्या पुढं एक डोळा ठेवून कापा.

आम्ही डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग करतो, म्हणजे डोळ्यांना रसायन लावतो, ते रसायन तुम्ही घरी अजिबात आणू नका, जहाल हाय. त्याऐवजी कापलेली काडी हलकेच वाकवून तारेला आडवी बांधा, म्हणजे शेंड्याचा जोर मोडतो आणि मागचे डोळे पण फुटतात.

गच्चीवरची_वेल, १४ ऑक्टोबर

१२ तारखेला छाटली, वाकवून सुतळीनं बांधली.

गच्चीवरची_वेल, ३ नोव्हेंबर

घड आहेत!!! मोजले, २६. चौथ्या-पाचव्या पानासमोर, मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचे, अगदी छोटे पण बाळी नाही, भरीव आहेत. फोन करून तासगावच्या पाहुण्यांना सांगितलं तर ते म्हणाले आता निम्मे काढून टाक. हे खरंय का?

तासगावचा_बागायतदार, ३ नोव्हेंबर

खरंय. पहिलं पीक हाय, एका काडीला एकच घड ठेवा. सगळे ठेवले तर कुणालाच साखर भरणार न्हाई आणि पुढच्या वर्षी वेल दमंल.

दुसरं आत्ताच सांगून ठेवतो, मणी बारकं राहणार. बाजारातलं टपोरं द्राक्ष जीएच्या (जिबरेलिक ॲसिड ह्या संजीवकाच्या) पाण्यात घड बुडवून फुगवलेलं असतं, घरी त्याची गरज न्हाई. बारका मणी गोडीला कमी नसतो.

गच्चीवरची_वेल, २८ डिसेंबर

१४ ठेवले. मण्यांत पाणी उतरायला लागलंय, टणक होते ते दाबल्यावर मऊ लागतात आणि उजेडात धरले तर आरपार दिसतात. पण थंडी वाढलीय आणि दोन घडांवर गुलाबी छटा आलीय. रोग आहे?

कृष्णाकाठ_पलूस, २८ डिसेंबर

रोग नाही, रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन ह्यातला फरक वाढला की हिरव्या जातीत पिंक बेरी होते. खायला काही होत नाही. निर्यातवाले म्हणूनच घडाला पेपर गुंडाळतात. तुम्ही पण गुंडाळा, बुलबुलांपासून पण वाचतील.

गच्चीवरची_वेल, २२ फेब्रुवारी

आज तोडले. तासगावच्या दादांनी फोनवर सांगितलं होतं की वरच्या खांद्याचा मणी खाऊन ठरवू नका, घडाच्या टोकाचा खा, तिथं साखर सगळ्यात शेवटी उतरते. आठ दिवस रोज टोकाचा एक मणी खात होते, आज आंबटपणा गेला. १४ घड मिळून ३ किलो २०० ग्रॅम. पेपर सोडताना आत्या शेजारी परात घेऊन उभ्या होत्या. पहिला घड मामांच्या फोटोपुढं ठेवला, दुसरा आत्यांनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी, २२ फेब्रुवारी

अभिनंदन वहिनी! माझे पण ह्यावेळी टिकलेत, मार्चमध्ये खरड आणि २४ ऑक्टोबरला फळछाटणी घेतली. तोडायला अजून दोन आठवडे आहेत.

माणदेशी, २३ फेब्रुवारी

माझं कलम जगलंय. सात पानं आहेत, खाचा खोल आहेत. फोटो टाकतो, दादा एकदा बघून घ्या.

तासगावचा_बागायतदार, २३ फेब्रुवारी

बघितला. सोनाकाच हाय. एक फूट ठेवून काठीला बांधा, खालची जंगली काढत राहा.

आणि ताई, वेलीला आता महिनाभर विसावा द्या, पाणी कमी करा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत कात्री.